ईदीचे पाकीट आणि सिव्हिलची रांग

रमजान ईदच्या दुपारी आम्ही एका जुन्या ओळखीच्या घरी गेलो होतो. शिरखुर्मा झाला, गप्पा झाल्या. निघताना विचारले, "छोटा कुठे आहे?" आतल्या खोलीचे दार अर्धे लोटलेले होते. नऊ वर्षांचा तो मुलगा पलंगाच्या कोपऱ्यात बसून नव्या कुर्त्याची गळ्याची पट्टी ओढत होता. त्याला बोलता येत नाही. गर्दी आणि आवाज सोसत नाही, म्हणून सकाळपासून त्याची अम्मी एक पाय आत आणि एक पाय स्वयंपाकघरात अशी धावत होती. येणारा प्रत्येक पाहुणा दारातून डोकावत होता, "या अल्लाह, रहम कर" म्हणत होता आणि त्याच्या मुठीत नोट सरकवून परत बैठकीत जाऊन बसत होता.

पाहुणे ओसरल्यावर भाभींनी ती ईदी मोजली. घरातल्या दुसऱ्या कोणत्याही मुलाला मिळाली त्याहून जास्त होती. आम्ही सहज विचारले, "त्याचे दिव्यांग कार्ड झाले का?" त्या म्हणाल्या, "कुठले हो बाजी! सिव्हिलला जायचे म्हणजे सकाळी लवकर निघायचे. याला घेऊन एकटीने रांगेत उभे राहणे होत नाही. याचे अब्बा कुवेतला. पैसे सगळे देतात. तीन तास द्यायला कुणी नाही."

थोडे थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि खरी अडचण तीच होती. सासूबाईंना कार्ड नको आहे. मोठ्या मुलीसाठी रिश्ते येऊ लागले आहेत. धाकट्यावर सरकारी शिक्का बसला तर लोक काय म्हणतील? बघायला पाहुणे यायचे असले की छोट्याला खालाकडे पाठवले जाते.

आता मे महिन्याची सुट्टी लागेल, मागोमाग बकरी ईद येईल. अशा मुलांच्या घरांना हे दिवस सणाचे कमी आणि कसोटीचे जास्त असतात. शाळा बंद, थेरपी बंद, घरात पाहुणे, नाहीतर आपणच पाहुणे होऊन गावी. म्हणून या महिन्याचे पान आम्ही त्या घरांसाठी राखून ठेवले आहे, आणि त्यांच्या चाचा, मामू, फुफी, खालांसाठीही. किंबहुना त्यांच्यासाठीच अधिक.

आधी शिक्क्याबद्दल बोलू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकारची अपंगत्वे होती, आता एकवीस आहेत. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, त्यात आहे. सेरेब्रल पाल्सी आहे, बौद्धिक अक्षमता आहे, वाचन-लेखनातली विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलसुद्धा आहे. थॅलेसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवणाऱ्या कितीतरी घरांना आपले मूल या कायद्यात बसते हेच ठाऊक नसते, कारण मूल चालते-बोलते आहे, मग अपंग कसे? या एकवीस प्रकारांतल्या मुलाला जे काही मिळायचे आहे, त्याची किल्ली म्हणजे यूडीआयडी कार्ड, वैश्विक ओळखपत्र. ते शेजारपाजाऱ्यांना दाखवायचे नसते. ते पाकिटात राहते आणि गरजेच्या खिडकीवर बाहेर येते. त्याने मुलीचा रिश्ता मोडत नाही. मुलाला लपवून ठेवले आणि ते निकाहनंतर कळले तर मात्र नाते पहिल्याच महिन्यात कडू होते. जे घर छोट्याला बघून मागे फिरेल, त्या घरात आपली मुलगी द्यायची आहे का, हा प्रश्न सासूबाईंनी स्वतःला एकदा विचारावा.

आपल्या दीनमध्ये लपवण्याला जागा नाही. कुरआनच्या ८० व्या सूरेची, सूरह अबसची, सुरुवात ज्यांच्यामुळे झाली ते अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. कुरैशच्या बड्या सरदारांशी बोलणे चालू असताना ते आले आणि त्यांच्याकडे लक्ष दिले गेले नाही, याची दखल खुद्द अल्लाहने घेतली. पुढे तेच मदीनेत मुअज्जिन झाले आणि प्रेषित (स.) मोहिमेवर बाहेर गेले की मदीनेत नमाजची इमामत त्यांच्याकडे सोपवली जाई. त्यांना आतल्या खोलीत बसवले गेले नव्हते.

कार्ड कसे काढायचे ते आता सांगतो. केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड या पोर्टलवर अर्ज भरायचा. मोबाइलवर जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत भरून मिळतो. मुलाचे आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि आजवरचे वैद्यकीय कागद लागतात. जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो, किंवा नेमून दिलेले दुसरे सरकारी रुग्णालय मुलाला तपासते आणि टक्केवारी ठरवते. अर्ज केल्यापासून तीन महिन्यांच्या आत प्रमाणपत्र द्यावे असा २०२४ च्या सुधारित नियमांचा दंडक आहे. पिवळे कार्ड ४० टक्के आणि त्याहून अधिक, पण ८० च्या आतल्यांसाठी, निळे ८० आणि त्यापुढच्यांसाठी, आणि पांढरे ४० च्या खालच्यांसाठी. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात.

आपल्या घरांत हे काम कुठे अडते ते आम्ही पाहिले आहे. नावात अडते. जन्मदाखल्यावर मोहम्मद, आधारवर नुसते मो., शाळेच्या दाखल्यावर मोहंमद. शेख या आडनावाची इंग्रजी स्पेलिंग तर घरातल्या माणसांइतकी. वडिलांचे नाव एका कागदावर आजोबांच्या नावासकट, दुसऱ्यावर आजोबांशिवाय. रांगेत तीन तास उभे राहून खिडकीवर पोहोचल्यावर हा फरक दिसतो आणि सगळे मुसळ केरात जाते. म्हणून आधी घरी बसून सगळे कागद एका ओळीत मांडा, अक्षर न् अक्षर जुळवा, आणि आधारमधली दुरुस्ती पहिल्यांदा करून घ्या. हे काम कॉलेजात जाणाऱ्या भाच्या-पुतण्याचे आहे. सुट्टीत त्याला दुसरे काय काम असते?

ज्यांचे कार्ड झाले आहे त्यांनी त्यावरची तारीख पाहावी. लहान मुलांची प्रमाणपत्रे बहुधा मुदतीची असतात, कारण वाढत्या वयात स्थिती बदलू शकते. मुदत संपल्याचे नेमके तिकीट काढताना कळते.

तिकिटांवरून आठवले. मुंब्रा, कुर्ला, मीरा रोड, कौसा इथली निम्मी घरे मे महिन्यात कोकणात उतरतात. माणगाव, खेड, चिपळूण, रत्नागिरी. मुलाला सवलत आहे म्हणतात, पण मिळत नाही, अशी तक्रार नेहमी येते. यातली गोम अशी की रेल्वेचे स्वतःचे वेगळे वर्ग आहेत. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारी अस्थिव्यंग व्यक्ती, सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारी बौद्धिक अक्षम व्यक्ती, पूर्ण अंध व्यक्ती आणि पूर्णपणे मूकबधिर व्यक्ती, एवढ्यांनाच रेल्वे दिव्यांग म्हणून भाड्यात सूट देते. केवळ यूडीआयडी आहे म्हणून खिडकीवर सूट मिळत नाही. रेल्वेच्या ठरावीक नमुन्यात सरकारी डॉक्टरांचा दाखला घ्यावा लागतो आणि त्यावरून रेल्वे आपले दिव्यांग ओळखपत्र देते. त्यासाठीही आता ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि ते पत्र असले की घरबसल्या तिकीट काढता येते. म्हणून सिव्हिलला यूडीआयडीसाठी जाल तेव्हाच रेल्वेच्या नमुन्याचा कागद बरोबर न्या. एका खेपेत दोन कामे. पहिल्या तीन वर्गांना सेकंड, स्लीपर, एसी चेअर कार आणि थर्ड एसीत ७५ टक्के सूट आहे, फर्स्ट आणि सेकंड एसीत ५० टक्के, आणि बरोबरच्या एका माणसालाही तेवढीच. राजधानी-शताब्दीत ती २५ टक्क्यांवर येते. मूकबधिरांची सूट ५० टक्के आहे आणि एसीत नाही. दिव्यांग कोट्यातून खालची बर्थही मागता येते. झटके येणाऱ्या मुलाला वरच्या बर्थवर झोपवून रात्रभर खाली उभ्या राहिलेल्या आया आम्हाला ठाऊक आहेत.

एसटीचे सोपे आहे. ४० टक्क्यांच्या पुढे दिव्यांगत्व असेल तर साध्या गाडीत ७५ टक्के सूट, आणि ६५ टक्क्यांच्या पुढे असेल तर सोबत्याला निम्मे तिकीट. अम्मी सोबत असेल तर तिचे तिकीट मार्च २०२३ पासून तसेही निम्मेच आहे. तेव्हा सोबत्याची सवलत अब्बांच्या कामाची. मुलाला घेऊन प्रवास करायला हे एक चांगले निमित्त आहे असे आम्हाला वाटते!

आता पैशाकडे वळू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना मिळणारी मासिक मदत राज्य सरकारने २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार केली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दिव्यांगांसाठी ५० हजारांच्या आत असावे लागते. अर्ज तहसील कार्यालयात. मूल अज्ञान असल्यास पालकांनी कसा अर्ज करायचा ते तिथल्या संजय गांधी शाखेतच विचारून घ्यावे. एजंटाला पैसे देऊ नयेत. उत्पन्नाचा दाखला मात्र खरा काढा. खोट्या दाखल्यावर मिळालेले अनुदान मुलाच्या तोंडी घालायचे नसते.

दुसरी योजना निरामय. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी १९९९ च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला, त्याची ही आरोग्य विमा योजना. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण. विम्याआधी कुठली तपासणी नाही, आजार आधीपासूनचा आहे म्हणून नकार नाही. दवाखान्यात दाखल न होता घेतलेले उपचार, औषधे आणि नेहमीच्या थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत त्यात येतो. दारिद्र्यरेषेखालील घरांना नोंदणी २५० रुपयांत आणि इतरांना ५०० रुपयांत होते. ज्या घरात दर आठवड्याला फिजिओथेरपीवर हजार-हजार जातात, त्यांनी हा ५०० रुपयांचा अर्ज आजवर का केला नाही, असे आम्ही एकदा विचारले. उत्तर आले, "विमा हराम आहे ना?" विम्याबद्दल आलिमांमध्ये चर्चा आहे हे खरे. पण ही सरकारची मुलांसाठीची कल्याण योजना आहे, नफ्यासाठी घेतलेली पॉलिसी नाही. मनात किंतु असेल तर आपल्या मुफ्तींसमोर योजनेचा कागद ठेवा आणि सरळ विचारा. ऐकीव गोष्टीवर मुलाचा हक्क सोडून देऊ नका.

नोकरदार घरांसाठी दोन ओळी. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्याला दिव्यांग अपत्याच्या पालनपोषणासाठी उत्पन्नातून ७५ हजारांची वजावट मिळते आणि ८० टक्क्यांच्या पुढे असल्यास सव्वा लाखाची. केंद्र सरकारी नोकरीतल्या आईला संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. इतर मुलांसाठी ती अठराव्या वर्षापर्यंत घेता येते, दिव्यांग अपत्यासाठी वयाची अट नाही.

मुंबईत एक गंमत आम्ही नेहमी पाहतो. ईदनंतरच्या दिवसांत हाजी अलीच्या दर्ग्याकडे माणसांची रीघ लागते. त्या गर्दीत मुलाला खांद्यावर घेतलेले आईबाप असतात. मन्नत मागायला आलेले, कुणी थेट मराठवाड्यातून. आणि त्याच हाजी अलीला, रस्त्याच्या या बाजूला, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून उभी आहे. केंद्र सरकारची संस्था. हातापायांत दोष असलेल्या मुलांची तपासणी, व्यायाम, कॅलिपर, कृत्रिम अवयव सगळे एका छताखाली. दुआ करून परतताना त्या दारात शिरणारे किती? वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, वाचा आणि श्रवणदोषासाठी. यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते. ऐकू न येणारे मूल जितक्या लहानपणी तिथे पोहोचेल तितके बरे. श्रवणयंत्रे, व्हीलचेअर, कॅलिपर यांच्यासाठी केंद्राची 'ॲडिप' योजना आहे. महिन्याचे उत्पन्न साडेबावीस हजारांपर्यंत असेल तर साधन मोफत, त्यापुढे तीस हजारांपर्यंत निम्म्या किमतीत. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिलमधले शीघ्र हस्तक्षेप केंद्र शोधा. तिथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना पाहतात.

याच ओघात एक कडू गोष्ट. गावी गेले की काही घरांत मुलाला आमिलाकडे नेले जाते. झटके येतात म्हणजे जिन्न आहे, बोलत नाही म्हणजे कुणी बंदिश केली आहे. मग ताविज, पाणी, धूर, आणि गोळ्या बंद. मिरगीच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर झटके वाढतात, न थांबणारा झटका येऊन जिवावर बेतू शकते. दुआ करा, रुकया करा, पण प्रेषितांनी (स.) उपचार घ्यायला सांगितले आहे हेही विसरू नका. गोळी चुकवायची नाही, सणाच्या दिवशीही नाही. ईदला औषधांची दुकाने बंद असू शकतात, गावात ती गोळी मिळतेच असे नाही, म्हणून सुट्टीच्या सगळ्या दिवसांची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी निघण्याआधी पिशवीत.

रमजानमध्ये आलेल्या पत्रांपैकी बरीच रोजाबद्दलची होती. थोडक्यात सांगतो. ज्याला समजच नाही अशा व्यक्तीवर रोजा फर्ज नाही, म्हणून त्याची कजाही नाही आणि फिदियाही नाही. समज आहे पण आजार कायमचा आहे आणि रोजा झेपत नाही, तिथे फिदियाचा प्रश्न येतो. सदका-ए-फित्र मात्र वडिलांनी अज्ञान मुलाप्रमाणे, वयाने मोठ्या झालेल्या पण समज नसलेल्या अपत्याच्या वतीनेही द्यायचा असतो. कोकणातली घरे बहुधा शाफई, देशावरची बहुधा हनफी, तेव्हा बारकावे आपापल्या आलिमांना विचारावेत. आणि झटके येणाऱ्या मुलाला सगळे उठले म्हणून हौसेने सहरीला उठवू नये. अपुरी झोप झटक्याला निमंत्रण असते.

बकरी ईदसाठी काही गोष्टी आत्ताच ठरवा. ज्या मुलाला माणसांशी बोलता येत नाही त्याचे जनावराशी फार लवकर जमते. आठ दिवस दारात बांधलेला बोकड त्याचा जिवलग होतो, आणि नवव्या दिवशी तो दिसत नाही, का ते कुणी सांगत नाही. मग मूल जेवत नाही, रात्री ओरडते, आणि आपण म्हणतो नजर लागली. जमल्यास कुर्बानी घरापासून दूर, सामुदायिक व्यवस्थेत करावी. बोकड दारात आणायचाच असेल तर दोन-तीन दिवसच ठेवावा आणि त्या सकाळी मुलाला दुसऱ्या घरी न्यावे. आधी चार दिवस, रोज एकदा, चित्र दाखवून सांगावे की हा आपल्याकडे पाहुणा आहे आणि ईदला जाणार आहे. समजत नाही असे धरून चालू नका.

कपडे नवे हवेतच असे नाही. कडक कॉलर, जर, मागची चिठ्ठी यांनी काही मुलांच्या अंगाला अक्षरशः आग लागते. एकदा धुवून मऊ केलेला सुती कुर्ता ईदचाच आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला गिळायला त्रास होऊ शकतो. शिरखुर्म्यातले बदाम-पिस्ते त्याच्या घशात अडकू शकतात, म्हणून त्याच्या वाटीतला मेवा बारीक वाटून घाला आणि पाहुण्यांना हौसेने भरवू देऊ नका. ईदच्या नमाजला न्यायचे तर मोठ्या ईदगाहऐवजी मोहल्ल्यातली छोटी मशीद, शक्य असेल तिथे दुसरी जमात, आणि जागा दाराजवळची, लाउडस्पीकरपासून लांब. रडू लागला तर उठून बाहेर या. मागच्या सफमधल्यांनी वळून पाहायचे नाही, एवढी मदत तरी सर्वांनी करावी. मशिदीच्या कमिट्यांना विचारायचे आहे की वुजूखान्यात एसी बसवला, रॅम्प कधी बसवणार?

शाळेचे एकच सांगतो. ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी शाळेने तोंडी नकार दिला तर लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितल्यावर सूर बदलतो. नाही बदलला तर गटशिक्षणाधिकारी आणि पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त यांच्याकडे अर्ज करता येतो. शिकणाऱ्या दिव्यांग मुलींना समग्र शिक्षा योजनेतून महिन्याला २०० रुपये, वर्षातून दहा महिने मिळतात. रक्कम लहान आहे, पण मुलीच्या नावावरच्या खात्यात येते, आणि मुलगी शाळेच्या पटावर राहते. तीच आतल्या खोलीत सर्वांत आधी ढकलली जाते.

गावी गेल्यावर ग्रामपंचायतीत एक चक्कर मारा. स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करणे पंचायतीला बंधनकारक आहे. तो कशावर खर्च झाला, आपल्या मुलाचे नाव यादीत आहे का, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. गावाकडचे घर मुलाच्या नावाने नोंदलेले नसेल तर मुंबईच्या पत्त्यावर महानगरपालिकेत हाच प्रश्न विचारा.

आणि नातेवाइकांनो, तुमच्याकडे पुन्हा येतो. ईदी द्या, जरूर द्या. गरजू घर असेल तर जकातही द्या. वडील साहिबे-निसाब असतील तर त्यांच्या अज्ञान मुलाला जकात लागत नाही, मग ती भेट म्हणून द्या. पण खेळण्याऐवजी मोठ्या मापाचे डायपर नेलेत तर भाभी मनापासून दुआ देईल, कारण दुकानात ते महागही असतात आणि मागायला लाजही वाटते. त्याहून मोठी गोष्ट वेळेची. पूर्वी एका वाड्यात चार जावा असायच्या, एकीचे मूल दुसरीच्या मांडीवर वाढायचे. आता वन बीएचकेत अम्मी एकटी असते. सुट्टीत आठवड्यातून एक दुपार कुणी खाला, कुणी फुफी येऊन बसली तर तिला जोहरची नमाज सलग पढता येईल, जरा पाठ टेकता येईल. यायचे तर नेहमी एकाच वारी, एकाच वेळी यावे. अशा मुलांना अचानक आलेल्या चेहऱ्याची भीती वाटते, ठरलेल्या चेहऱ्याची वाट पाहायला ती शिकतात.

आम्ही वर ज्या घराचे सांगितले तिथे ईदनंतर तिसऱ्या आठवड्यात फोन केला. छोट्याच्या मामूंनी कागद पाहिले. जन्मदाखल्यात आणि आधारमध्ये एका अक्षराचा फरक निघाला, तो दुरुस्त व्हायला टाकला आहे. सिव्हिलला जायचा मंगळवार ठरला आहे. मामू रिक्षा चालवतात, त्यांचा त्या दिवसाचा धंदा बुडणार. सासूबाई अजून नाराज आहेत, पण त्या दिवशी घरी स्वयंपाक आपण करू म्हणाल्या आहेत.